ऑइलवाला परफॉर्मन्स एअर फिल्टर का साधा कागदी? पुण्यातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या पार्किंगमधे बॉनेट उघडं दिसलं की कोणीतरी येऊन थांबतंच, आणि फिल्टरचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. गाडीची बारीकसारीक कामं मी घरीच करतो, आधी एक डिझेल हॅचबॅक होती, आता पेट्रोल आहे, आणि दोन्ही प्रकारचे फिल्टर स्वतः वापरून झालेत.

आधी एका वाक्यात सांगा, कुठला घेऊ?

रोजची गाडी असेल, पुण्यात आणि आजूबाजूला चालत असेल, तर साधा कागदी, चांगल्या कंपनीचा, आणि तो वेळेवर बदला. बाकी सगळं खाली आहे, पण घाई असेल तर एवढं वाचून गेलात तरी चालेल.

फिल्टरचं एवढं काय महत्त्व? हवाच तर आत जाते.

किती हवा जाते ते बघा ना. पेट्रोल नीट जळायला वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलो धरलं तर हवा झाली अकरा किलो, म्हणजे पुण्याच्या हवेत साधारण नऊ-दहा हजार लिटर. आपल्या सोसायटीत उन्हाळ्यात पाण्याचा मोठा टँकर येतो ना दहा हजार लिटरचा, तेवढी हवा एका लिटर पेट्रोलमागे इंजिन ओढतं. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन परत आलात की दोन टँकर हवा संपली, आणि ती कसली हवा, तर डंपरच्या मागची, खोदलेल्या रस्त्याची, वाघोलीकडे असाल तर क्रशरची. त्यातली बारीक धूळ पिस्टन रिंग आणि सिलेंडरच्या मधल्या ऑइलच्या पातळ थरात घुसली की पॉलिश पेपरसारखी घासत बसते. डोळ्याला दिसणारा खडा तसा कुठेतरी अडतोच, खरं नुकसान करते ती पाच ते वीस मायक्रॉनची धूळ, केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्शापेक्षाही बारीक. ती अडवायची, हे फिल्टरचं पहिलं काम आहे आणि माझ्या मते निवड करताना हेच सगळ्यात आधी बघायला पाहिजे.

दोन्हींत फरक काय असतो?

कागदी फिल्टर म्हणजे रेझिन मारलेला जाडसर कागद, घड्या घालून फ्रेममधे बसवलेला. माझ्या गाडीच्या फिल्टरच्या घड्या मी मोजल्या, ५२ भरल्या, प्रत्येक साधारण तीन सेंटीमीटर खोल. त्या उलगडल्या तर जवळजवळ अर्धा चौरस मीटर कागद होतो, म्हणजे हवेला जायला जागा भरपूर आहे, लोकांना वाटतं तसा तो श्वास कोंडत नाही. आणि कागदावर धुळीचा थर बसायला लागला की तो थरच पुढची धूळ अडवायला लागतो, त्यामुळे थोडा वापरलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो, अगदी वस्त्रगाळ.

ऑइलवाल्यात सुती जाळीचे काही थर असतात, दोन्ही बाजूंनी धातूची जाळी, आणि त्या सुताला खास ऑइल मारलेलं असतं. सुताची भोकं कागदापेक्षा मोठी, म्हणून हवा सहज जाते, आणि धूळ अडवायचं काम चिकटपणा करतो. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन आठवा, फोडणीच्या वाफेनी तेलकट झालेल्या पात्यांवर कशी धूळ चिकटून बसते, तत्त्व तेच. म्हणजे ऑइल कमी झालं किंवा सगळीकडे सारखं लागलं नाही तर तेवढ्या भागातून धूळ सरळ आत. कागदाला ही भानगड नाही.

पण पिकअप वाढतो ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्वच्छ कागदी फिल्टर फुल ॲक्सिलरेटरला हवेला जो अडथळा करतो तो वातावरणाच्या दाबाच्या साधारण एखाद-दोन टक्के असतो. ऑइलवाला फिल्टर लावून त्यातला काही भाग वाचतो, सगळा नाही. आता दुसरी गोष्ट बघा, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. म्हणजे दादरहून निघून खंडाळ्याचा घाट चढून तुम्ही वाकडला पोचलात की इंजिनची जितकी हवा कमी झाली, त्याच्यापुढे फिल्टरनी वाचवलेली हवा चिमूटभर आहे, आणि घाट चढून आल्यावर गाडीची ताकद कमी झाली असं आपल्यापैकी किती जणांना जाणवतं?

शिवाय हा सगळा हिशोब पाय पूर्ण दाबल्यावरचा. कर्वे रोडवर तिसऱ्या गिअरमधे चाळीसनी चाललेल्या पेट्रोल गाडीत थ्रॉटलची झडप जेमतेम उघडलेली असते, हवा अडवायचं मुख्य काम तीच करत असते, मागचा फिल्टर कितीही मोकळा असला तरी काही बदल होत नाही.

मग लोकांना फरक जाणवतो तो कशामुळे? बऱ्याचदा आवाजामुळे. मोकळ्या फिल्टरमधून हवा ओढल्याचा घुमारा जास्त येतो आणि गाडी जोरात पळतेय असं वाटतं. दुसरं कारण म्हणजे तुलना चुकीची असते, दोन वर्षांचा धुळीनी भरलेला कागदी काढून नवा ऑइलवाला लावतात, तिथे नवा कागदी लावला असता तरी गाडी मोकळी वाटली असती.

मायलेज?

नाही वाढत. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीनी २००९ मधे यावर चाचण्या केल्या होत्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमधे फिल्टर मुद्दाम चोंदवून बघितला तरी मायलेजमधे म्हणण्यासारखा फरक पडला नाही, कारण ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हवा मोजून त्या हिशोबानीच पेट्रोल सोडतो. पिकअप मात्र कमी झाला, आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मायलेजही थोडं पडलं. आता चोंदलेल्या फिल्टरनी सुद्धा मायलेज पडत नसेल तर चांगल्या कागदीच्या जागी ऑइलवाला टाकून ते वाढणार कुठून?

धूळ कोण जास्त अडवतं, खरं सांगा.

कागदी. यासाठी आयएसओ ५०११ नावाची चाचणी असते, ठरलेली धूळ ठरलेल्या वेगानी फिल्टरवर सोडतात आणि पलीकडे किती गेली ते वजन करतात. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या वर राहतो, ऑइलवाले बहुतेक त्याच्या खाली, ९६ ते ९९ च्या मधे कुठेतरी.

ऐकायला हा फरक छोटा वाटतो आणि इथेच सगळे फसतात. किती अडवली हे बघू नका, किती सुटली ते बघा. समजा एक ९९.५ टक्के अडवतो आणि दुसरा ९७.५ टक्के, तर पहिल्यातून शंभरातले अर्धा ग्रॅम सुटले आणि दुसऱ्यातून अडीच. पाचपट धूळ. युरोपातल्या धुतल्यासारख्या रस्त्यांवर पाचपट म्हणजेही फार नसेल, पण चाकण एमआयडीसीच्या रस्त्यावर मार्च महिन्यात पाचपट म्हणजे खूप झालं. कोणाला आपल्या गाडीचं खरंच बघायचं असेल तर वापरलेल्या इंजिन ऑइलची लॅब तपासणी करून घेता येते, त्यात सिलिकॉनचा, म्हणजे मातीतल्या घटकाचा, आकडा वाढलेला दिसला तर धूळ आत जातेय असा संशय घ्यायचा.

मग रेसिंगवाले ऑइलवाले का लावतात?

त्यांचं गणित वेगळं आहे. के अँड एन ही यातली सगळ्यात नावाजलेली कंपनी, १९६९ मधे कॅलिफोर्नियात मोटरसायकल रेसिंगच्या वेडातूनच सुरू झाली. रेसचं इंजिन सतत फुल थ्रॉटलला असतं, तिथे अर्धा टक्का पॉवरला किंमत आहे, आणि ते इंजिन काही रेसनंतर उघडतातच. तुम्हाला मात्र तेच इंजिन न उघडता दीड-दोन लाख किलोमीटर चालवायचंय. त्यांची वस्तू वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, ती ज्या कामासाठी आहे ते काम आपलं नाही एवढंच.

ऑइलनी सेन्सर खराब होतो म्हणतात, खरं आहे का?

होऊ शकतो, माझा झालाय.

डिझेल गाडीला मी हौसेनी ऑइलवाला लावला होता. पहिलं वर्ष काहीच त्रास नाही. मग एका गॅरेजमधे धुऊन परत ऑइल मारून घेतला, तिथल्या पोरानी हात सैल सोडला, फिल्टर हातात घेतला तर बोटाला लाल ऑइल लागत होतं आणि मला तेव्हा ते चालतं असं वाटलं. तीन आठवड्यांनी कात्रजच्या चढाला गाडी ओढेनाशी झाली, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावं लागलं, घरी पोचेपर्यंत चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी०१०१, म्हणजे मॅफ सेन्सर, किती हवा आत जातेय ते मोजणारा. तो काढून उन्हात धरला तेव्हा दिसलं, आतल्या बारीक तारेवर तपकिरी चिकट पापुद्रा आणि त्यावर सुताचा एक तंतू अडकलेला. ती तार गरम राहून हवा मोजते, वर पापुद्रा बसला की आकडा चुकतो, ईसीयूला वाटतं हवा कमी येतेय, तो डिझेल कमी सोडतो, गाडी मरगळते. मॅफ क्लीनर स्प्रेनी साफ झाला म्हणून वाचलो, नाहीतर नवा सेन्सर काही हजारांत जातो.

कंपनीतून ऑइल मारून आलेल्या फिल्टरनी सहसा असं होत नाही, हे पण सांगायला पाहिजे, गडबड होते ती नंतर हातानी जास्त ऑइल मारल्यावर. आणि बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना मॅफ नसतोच, मॅप सेन्सर असतो, तो दाब मोजतो, त्याला हा धोका खूप कमी. तुमच्या गाडीत कुठला आहे ते आधी विचारून घ्या.

वॉशेबल आहे, एकदाच घ्यायचा, पैसे वाचतात की.

हिशोब मांडू. छोट्या गाडीचा कागदी फिल्टर साधारण तीनशे ते पाचशे रुपयांत येतो. दर वीस हजार किलोमीटरला बदलला तरी एक लाख किलोमीटरला पाच लागले, म्हणजे दीड ते अडीच हजार. ऑइलवाला चार-पाच हजाराच्या पुढे, वर क्लीनर आणि ऑइलच्या किटचे हजार-दीड हजार वेगळे. वसूल व्हायला दोन-तीन लाख किलोमीटर पाहिजेत, तोवर गाडी विकलेली असते, आणि घेणारा फिल्टरचे पैसे वेगळे देत नाही.

वेळेचं पण बघा. नीट धुवायचा म्हणजे क्लीनर मारायचा, दहा मिनिटं ठेवायचा, स्वच्छ बाजूनी हलक्या पाण्यानी धुवायचा, मग आपोआप वाळू द्यायचा. ड्रायर नाही, कॉम्प्रेसर नाही, कडक उष्णता नाही. मे महिन्यात दोन-तीन तासांत वाळेल, जुलैमधे पुण्यात जिथे टॉवेल वाळत नाही तिथे सुताचे थर कधी वाळणार, आणि तोपर्यंत गाडी उभी. ओलसर असताना ऑइल मारलं की ते सारखं पसरत नाही.

कागदी फिल्टर कधी बदलायचा?

मॅन्युअलमधे बऱ्याच पेट्रोल गाड्यांना तीस-चाळीस हजार किलोमीटर लिहिलेलं असतं, पण त्याच तक्त्याच्या खाली धुळीच्या भागासाठी वेगळी सूचना असते, ती कोणी वाचत नाही. पुण्यातली आजची परिस्थिती त्या खालच्या सूचनेत बसते असं मी धरून चालतो, दर पाच हजाराला उघडून बघतो आणि पंधरा-वीस हजाराला बदलतो. नाशिक हायवेनी चाकणला रोज जाणारा माझा मेहुणा दहा-बारा हजारालाच बदलतो आणि त्याचा काढलेला फिल्टर बघितला तर पटतं, झटकला की फरशीवर मातीची रांगोळी पडते.

नुसता रंग बघून मात्र फेकू नका. मळकट दिसणारा फिल्टर अजून चांगला असू शकतो, घड्यांच्या तळापर्यंत धूळ भरली असेल, कागद तेलकट किंवा ओला झाला असेल, कुठे फाटला असेल तर बदला.

पंक्चरवाल्याकडे हवा मारून साफ केला तर?

हे प्लीज करू नका. टायरच्या कॉम्प्रेसरचा दाब फार असतो, जवळून मारला की कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात आणि त्यानंतर तो फिल्टर म्हणजे नुसता देखावा. फारच वाटलं तर फ्रेम हलकेच आपटून सुटी माती पाडा. तीनशे रुपयांच्या वस्तूसाठी इंजिन पणाला लावायचं नाही.

फिल्टर चांगलाच लावलाय, अजून काही बघू का?

हो, फिल्टरबॉक्सचं झाकण. माझ्या मते ब्रँडपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. क्लिपा चारही लागल्यात का, रबरी कड खाचेत पूर्ण बसलीय का, झाकण तिरकं तर नाही. एक क्लिप तुटलेली असेल तर ९९ टक्केवाला फिल्टर शोभेला, हवा मोकळ्या फटीतून जाणार. तपासायला सोपं आहे, फिल्टरच्या पुढच्या, इंजिनकडच्या पाइपात पांढरं फडकं बोटाला गुंडाळून फिरवा. कोरडं आणि स्वच्छ आलं तर उत्तम, पिवळट माती आली तर कुठेतरी गळतंय. सर्व्हिस सेंटरमधून गाडी आणल्यावर मी घरी पोचायच्या आत ही क्लिपा बघतो.

पावसाळ्यात काय?

कागद भिजला की हवा अडते आणि तो लेचापेचा होतो, ताम्हिणीतून भर पावसात आलात तर दुसऱ्या दिवशी उघडून बघा. पण भरलेल्या पाण्यात गाडी घातली आणि इनटेकनी पाणी ओढलं तर कुठलाही फिल्टर वाचवत नाही, सिलेंडरमधे पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे फिल्टरची चर्चा करू नका, गाडी मागे घ्या.

सीएनजी गाडीला कुठला?

कागदीच. सीएनजीला हवा थोडी जास्तच लागते, वजनाच्या साधारण १७ पट, म्हणून फिल्टर चोंदू देऊ नका. जुनं मिक्सरवालं किट, म्हणजे हवेच्या ओढीनी गॅस खेचणारं, असेल तर चोंदलेल्या फिल्टरमुळे गॅस जास्त ओढला जातो आणि ॲव्हरेज खरंच पडतं.

टर्बो गाडी आहे, मग तरी ऑइलवाला?

टर्बोत तर धुळीचं भय जास्त. हवा दाबून इंजिनात ढकलणारं त्याचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, त्या वेगात धुळीचा कण पात्यांच्या कडा झिजवतो.

तो आइस्क्रीमच्या कोनासारखा उघडा फिल्टर कसा?

बॉक्स काढून बॉनेटखाली उघडा लावायचा तो? तो रेडिएटरच्या मागची गरम हवा ओढतो, गरम हवा विरळ, म्हणजे पॉवर जाते. कंपनीचा बॉक्स बाहेरची थंड हवा आणतो, तो काढू नका.

एसीचा फिल्टर आणि हा एकच का?

नाही. तो केबिन फिल्टर, ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो, तुमच्या नाकासाठी. बिलावर नुसतं एअर फिल्टर लिहिलेलं असेल तर कुठला बदलला ते विचारा.

नाना पेठेतून घेतला तर चालेल?

चालेल की, मी तिथूनच घेतो, फक्त दुकान ओळखीचं बघा आणि पक्कं बिल घ्या. गाडीच्या कंपनीचा ओरिजिनल, नाहीतर बॉश, माले, पुण्यातलीच फ्लीटगार्ड अशा कंपन्यांपैकी तुमच्या मॉडेलचा मिळतो का विचारा. हातात घेऊन बघा, घड्या एकसारख्या अंतरावर पाहिजेत, रबरी कड मऊ पाहिजे आणि कोपऱ्यात तुटलेली नको, उजेडासमोर धरल्यावर कुठे टाचणीएवढाही ठिपका चमकायला नको. शंभर रुपयांत मिळणाऱ्या बिननावाच्या कागदीपेक्षा चांगला ऑइलवाला बरा, हे मी मनापासून सांगतो.

मी आधीच ऑइलवाला बसवलाय, काढून टाकू?

घाबरून काढायची गरज नाही. गाडी बहुतेक हायवेवर असेल, मॅफ सेन्सर नसेल, आणि तुम्ही स्वतः बसून निगुतीनी धुणार असाल तर वापरा. ऑइल प्रत्येक घडीवर एकच बारीक रेघ मारा, वीस मिनिटं मुरू द्या, पांढरट राहिलेल्या जागीच परत लावा, आणि गाडीत बसवायच्या आधी टिश्यूवर ठेवून बघा, ठसा उमटला तर जास्त झालंय. पांढऱ्या फडक्याची तपासणी मात्र महिन्याला करा.

फिल्टर नवीनच होता तरी फाटला, कंपनी खराब का?

आधी उंदीर बघा. बेसमेंट पार्किंगमधे हे सर्रास होतं. मागच्या डिसेंबरात शेजारच्या काकांच्या गाडीचा बॉक्स उघडला तर आत शेंगदाण्याची टरफलं, वडापावच्या कागदाचे तुकडे आणि फिल्टरचा एक कोपरा कुरतडून त्याच कागदाची केलेली गादी. भोक रुपयाच्या नाण्याएवढं होतं आणि गाडी तशीच महिनाभर चालली होती. नवा फिल्टर लावला, इनटेकच्या तोंडाला पक्की तारेची जाळी बसवली, बारीक भोकांची नाही, हवा न अडवणारी मोठ्या भोकांची, आणि काकांना आठवड्यातून एकदा तरी झाकण उघडून बघायला सांगितलंय.